'व्हय म्हाराजा' म्हणण्याआधी

दाजी परब गेल्याची बातमी मला पारूबायने आणून दिली. दुपारची वेळ होती. मी अंगणाच्या कडेला मोडलेलं कुंपण बांधत बसलो होतो आणि ती बाजारातून मासे विकून, रिकामी टोपली कमरेवर घेऊन येत होती. एरवी ती पुलावरूनच हाक मारते, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी. त्या दिवशी अगदी जवळ येऊन उभी राहिली आणि हळू म्हणाली, "मास्तरानू, ता सुंभ खाली ठेवा. दाजी गेले. जेवले, पडवेत आडवे झाले, ते उठूकच नाय." मी सुंभ खाली ठेवलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला रागच आला. त्या दिवशी सकाळीच आमचं भांडण झालं होतं, आणि ते अर्धवट राहिलं होतं. एक प्रश्न मला विचारून, "आता नको सांगू, सांजचो ये आणि सांग," असं म्हणून त्याने मला घालवून दिलं होतं. तीस वर्षांच्या आसपासच्या मैत्रीत त्याने दिलेली संध्याकाळची वेळ कधी मोडली नव्हती... आणि मोडली ती अशी.

मी पोचलो तेव्हा त्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, अर्धा गाव जमला होता आणि चक्क वाद चालला होता. आमच्या गावात पक्ष दोन. त्यांची छापील नावं इथे घालत नाही, कारण गावातही ती कुणी घेत नाही. एकाची निशाणी कंदील, दुसऱ्याची शिडी, म्हणून एक कंदीलवाले आणि दुसरे शिडीवाले. कंदीलवाले म्हणत होते, दाजीने तरुणपणी आमच्या पक्षासाठी तुरुंगातली भाकरी खाल्ली, तेव्हा तिरडीवर झेंडा आमचा. शिडीवाले म्हणत होते, ज्याला तुम्ही पक्षातून हाकललंत त्याच्यावर तुमचा कसला हक्क, झेंडा आमचा. दोघांनीही झेंडे घरून घडी करून आणले होते. शेवटी दाजीची बायको, जिला आम्ही सगळे वयनी म्हणतो, ती दारात आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचाच. म्हणाली, "ह्यांच्या आंगार पंचो आसा, तो पुरे. तुमका थंडी वाजता तर झेंडे तुमी पांघरा." झेंडे परत काखेत गेले आणि दाजी पंच्यावरच निघाला.

मसणवट व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, दर्याच्या अंगाला आहे. व्हाळावर आता पक्का पूल आहे, त्याची गोष्ट पुढे येईलच. त्या पुलावरून दाजीला नेताना पुढचे खांदे कंदीलवाल्यांचे होते, मागचे शिडीवाल्यांचे, आणि काही केल्या पावलं जुळेनात. पुढचे भरभर, मागचे रेंगाळत. तिरडी हेलकावे खाऊ लागली. माझ्या मागून कुणीतरी पुटपुटलं, "दाजी उठान गाळी देतलो हां!" आणि भर अंत्ययात्रेत, देवा क्षमा कर, आम्ही सगळे हसलो. हसता हसता पावलं जुळली. त्यानंतर आठवड्याभरात दोन्ही पक्षांची श्रद्धांजलीची पत्रकं निघाली. दोन्हींत दाजी 'आमचे निष्ठावंत'. ती वाचून मला जो संताप आला त्यातून हा लेख लिहायला बसलो, पण लिहिता लिहिता संताप कुठे गेला कोण जाणे, दाजी समोर येऊन बसला आणि त्याच्यासमोर फार वेळ रागावून राहता येत नसे.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. घराणं ख्रिस्ती, अर्धे नातेवाईक गोव्यात. आचऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या ह्या गावी शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा इथे माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस शाळेच्या दारात येऊन उभा राहिला आणि नाव-गाव न विचारता म्हणाला, "मास्तर, तुमचो पक्ष खंयचो?" मी म्हटलं, मी सरकारी पगाराचा मास्तर, मला पक्ष नाही. "बरा. मगे पेपर खंयचो वाचतास?" मी पेपराचं नाव सांगितलं. त्याचे डोळे चमकले. "शिडयेचो! बरा झाला. माझ्याकडे कंदिलाचो येता. सांजचे खळ्यात येवा, अदलाबदल करूया." मला वाटलं, दोन पेपर फुकट वाचायची सोय झाली. तसं काही नव्हतं. दाजीच्या खळ्यात एक नियम होता, आणि तो मोडायची मुभा देवालाही नव्हती.

नियम असा. मालवणहून मोटारीने पेपर एक दिवस शिळे यायचे. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आम्ही दोघे खळ्यातल्या बाकड्यावर बसायचो. पेपरावरून मी शिडीचा माणूस ठरलो, म्हणून मी कंदिलाचा पेपर मोठ्याने वाचायचा. दाजी कंदिलाचा, म्हणून त्याने शिडीचा वाचायचा. वाचताना तोंड वाकडं करायचं नाही, आवाजात कुचेष्टा आणायची नाही. ज्याने लिहिलंय त्याला पटेल असंच वाचायचं. वाचून झालं की दाजी पेपराची घडी करायचा, ती मांडीखाली सारायचा आणि विचारायचा, "पेपराक काय वाटता ता समाजला. तुका काय वाटता?" हा प्रश्न सोपा दिसतो. मी लहानपणापासून पाद्र्यापुढे पापं कबूल करत आलोय, पण तिथेही मला कधी इतका घाम फुटला नाही. माझी सगळी मतं मी पेपरातूनच आणलेली. पेपर त्याच्या मांडीखाली गेला की मी उघडा. मी "म्हणजे... तसं बघायला गेलं तर..." करत बसायचो आणि आत उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली वयनी सुपाआड हसायची. माझी पाळी झाली की मी तोच प्रश्न दाजीला टाकायचो. मग तोही मिशा ओढत बसायचा. हे एक बरं होतं, आम्ही दोघंही सारखेच नापास व्हायचो.

त्या काळचं गाव आठवलं की मला अजून गंमत वाटते. गावात न्हावी दोन, एक कंदिलाचा, एक शिडीचा. चहाची दुकानं दोन, आणि चुकून दुसऱ्या दुकानात चहा प्यायला तर घरी भांडण. शिडीवाल्याच्या माडावर कंदिलाचा पाडेली चढत नसे, मग नारळ आपोआप पडेपर्यंत वाट बघायची आणि ते शेजाऱ्याच्या हद्दीत पडले की परत भांडण. खालच्या आळीत दोन सख्ख्या भावांनी घरात मधोमध भिंत घातली. लोकांना वाटलं जमिनीवरून. जमीन कसली, एकाने पुढच्या दारावर कंदील रंगवला म्हणून दुसऱ्याने मागच्या दारावर शिडी रंगवली होती. देऊळवाडी सगळी कंदिलाची, आणि व्हाळापलीकडची मासेमाऱ्यांची खालची वाडी सगळी शिडीची. मधे कोणी नव्हतं. मधे होता तो फक्त व्हाळ.

आणि हो, देऊळ होतं. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान परबांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. ज्यांनी गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुणी नारळ ठेवला की मानकरी देवापुढे उभा राहून त्याच्या वतीने देवाशी बोलतो, मोठ्याने, आपल्या बोलीत, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" दाजीचा आवाज असा की दर्यावरच्या होडीतला माणूससुद्धा तिथून 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. मी ख्रिस्ती, म्हणून मी पायऱ्यांच्या खाली, दीपमाळेच्या बाजूला उभा राहून ऐकायचो. 'व्हय' म्हणणं माझं काम नव्हतं. पण हे 'व्हय' गावाच्या जिभेवर असं बसलं होतं की त्यातून एकदा मोठाच घोटाळा झाला. कंदिलाचे कुणी मोठे पुढारी प्रचाराला आले. सभा देवळासमोरच. पुढारी दम घ्यायला थांबले आणि समोर उकिडवे बसलेले सगळे सवयीने गरजले, "व्हय म्हाराजा!" पुढारी खूश. ते थांबत गेले, लोक गरजत गेले. हा गाव आपला, असं सांगून ते गेले. पुढच्या आठवड्यात शिडीचे पुढारी आले. तीच जागा, तीच माणसं, तेच "व्हय म्हाराजा!" तेही खूश होऊन गेले. निवडणुकीनंतर दोन्ही पक्षांकडून चौकशी आली, की ह्या गावाने दगा कुणाला दिला?

दाजीला ह्या प्रकाराने हसूही आलं आणि तो अस्वस्थही झाला. काही दिवसांनी कुणीतरी नवी होडी पाण्यात घालणार म्हणून नारळ ठेवला. दाजी उभा राहिला. "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान नवी होडी दर्यात घातलेली आसा, तेका बरकत दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तेच्या जाळ्याक मासळी दी, घरादाराक सुख दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि मग त्याच सुरात, त्याच ठेक्यात, "आणि हंय जमलेल्या आमच्या सगळ्यांच्या टकल्यात नुसतो भुसो भरलेलो आसा रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळा गाव गरजला. गुरवसुद्धा. एक क्षण गेला... मग पारूबायचं हसू फुटलं आणि तिच्यामागून देऊळ हसून हसून आडवं झालं. दाजी मात्र देवाकडे पाठ करून गंभीरपणे म्हणाला, "देवासमोर कबूल झालास, आता माघार नाय. अरे, आयकल्याशिवाय 'व्हय' म्हणतास, तर देवाक तरी काय समाजतला, तुमका नेमका व्हया काय ता?" लोकांनी ते हसण्यावारी नेलं. मीही नेलं. दाजीने नेलं नाही, हे आम्हाला पुढे पंचायतीत कळलं.

खालच्या वाडीला यायला-जायला व्हाळावर एक साकव होता, माडाचे दोन ओंडके टाकून केलेला. पावसाळ्यात व्हाळ फुगला की तो वाहून जायचा. मग मुलांची शाळा बंद, बायकांचा बाजार बंद. एका पावसाळ्यात पारूबायची टोपली वाहून गेली आणि टोपलीमागून ती स्वतःच जायची, ती कडेच्या माडाला मिठी मारून वाचली. पारूबाय तेव्हा शिडीच्या बाजूने पंचायतीवर निवडून आलेली. तिने ठराव मांडला, व्हाळावर पक्का पूल व्हावा. पंचायतीत कंदिलाचं पारडं एका मताने जड, आणि कंदिलाचे गावातले मुख्य आप्पा, दाजीचे बालमित्र. आदल्या दिवशी आप्पांनी आपल्या सगळ्या पंचांना, त्यांत दाजीलाही, निरोप धाडला की शिडीच्या ठरावाला हात वर करायचा नाही, मग तो ठराव कसला का असेना. मी सभेला मागे बसलो होतो. पारूबाय बोलली, फार चांगलं बोलली असं नाही, मधे रडली. मग हात वर करायला सांगितलं. शिडीवाल्यांचे हात वर गेले. आणि त्यांच्याबरोबर दाजीचा.

आप्पा हळूच म्हणाले, "दाजी, हात खाली." दाजीने विचारलं, "आप्पानू, पूल वायट आसा काय?" "पूल बरो. पण मागणारे आपले न्हय." "व्हाळ फुगता तेव्हा तो निशाणी बघून बुडवता काय?" आप्पा चिडले. "हात खाली कर म्हणतंय ना!" हा पक्ष त्याने लहानपणापासून जिवापाड मानलेला. त्याच्यासाठी लाठ्या खाल्लेल्या, तुरुंग पाहिलेला, बापाची बोलणी खाल्लेली. तो म्हणाला, "आप्पानू, सगळा आयुष्य पक्षाक दिलंय. हात तेवढो माझो रवांदे." ठराव एका मताने मंजूर झाला आणि आठ दिवसांत दाजी पक्षातून बाहेर.

मला वाटलं आता तो खचेल. संध्याकाळी गेलो तर बाकड्यावर पेपर घेऊन तयार. मी म्हटलं, आता तरी तो कंदील फुंकून टाक. तर म्हणाला, "कौला गळतत म्हणान कोण घर सोडता? वर चडान कौला परतूची." "पण घरवाल्यांनी तुलाच बाहेर काढलंय ना!" "म्हणान काय? कौलार चडाक दारातसून जावचा लागणा नाय." शिडीवाल्यांना मात्र गुलाल उधळावासा वाटत होता. ते ढोल वाजवत, हार घेऊन त्याच्या खळ्यात आले. ह्यात माझाही हात होता, दाजी आता आपल्याकडे आला असं समजा, असा शब्द मी गुपचूप देऊन बसलो होतो. दाजीने हार हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाला, "फुला बरी आसत, देवळात न्हेवन घाला. पूल व्हयो होतो म्हणान हात वर केलंय. शिडयेर चडूक न्हय." ढोलवाला ढोल तसाच गळ्यात घेऊन परत गेला. पुढच्याच सभेत शिडीवाल्यांनी ठराव आणला, की पुलाला आपल्या पुढाऱ्याचं नाव द्यावं. त्या पुढाऱ्याने व्हाळ पाहिलाही नव्हता. दाजी उभा राहिला. "पूल आजून पोटात आसा आणि तुमी बारसा करतास?" ठराव पडला. आता शिडीवालेही त्याच्याशी बोलेनासे झाले.

मी तर पेटलोच होतो. खळ्यात जाऊन अद्वातद्वा बोललो. तू हटवादी, तू आढ्यताखोर, तुला फक्त वेगळं दिसायचंय, असं सगळं. दाजीने शांतपणे ऐकून घेतलं, एकदोन ठिकाणी मान डोलावली, मग कंदिलाचा पेपर माझ्या हातात दिला. "झाला? बस आता. आज माझ्यावरच लिवल्यानी आसा. मोठ्यान वाच." आणि मी वाचलं, नियमाप्रमाणे, तोंड वाकडं न करता. त्यात त्याला गद्दार म्हटलं होतं. वाचताना माझा आवाज बारीक झाला तर हा म्हणतो, "'गद्दार' वायच जोरात. वयनीक आयकूक येवक नाय." आतून वयनी ओरडली, "आयकला! काय नवीन आसा तेच्यात?" आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. त्या संध्याकाळी माझा राग जो गेला तो कायमचाच.

गावाने मात्र त्याला शिक्षा द्यायचं ठरवलं, आणि ती दोन्ही पक्षांनी मिळून दिली. आमच्या गावात त्या काळी ते एकाच गोष्टीवर एकत्र आले असतील तर ह्यावरच. गाऱ्हाण्याचा मान वंशपरंपरेचा, तो काढून घेता येईना. मग ठरलं की जत्रेच्या दिवशी दाजी गाऱ्हाणं घालेल तेव्हा कुणीही 'व्हय म्हाराजा' म्हणायचं नाही. दाजीला हे आधीच कळलं होतं. आदल्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच पेपर वाचायला नको म्हणाला. "गाऱ्हाण्याक साद येवक नाय तर देवासमोर माणूस येकटो पडता रे, पास्कू," एवढंच बोलला. मला नावाने तो क्वचितच हाक मारी.

जत्रेची सकाळ. पालखी निघायची होती. देऊळ माणसांनी फुललेलं, मी नेहमीच्या जागी दीपमाळेजवळ, वहाणा पायात घालूनच. दाजी उभा राहिला. "बा देवा म्हाराजा!" ...काही नाही. दर्याची गाज तेवढी ऐकू येत होती. "आज तुझी जत्रा आसा, सगळी लेकरा तुझ्या पायाशी जमली आसत रे म्हाराजा!" ...काही नाही. आप्पा जमिनीकडे बघत होते. आता तो थांबणार असं वाटलं. मग त्याने मान वर केली आणि आवाज चढवला, "देवा म्हाराजा, आज कोण 'व्हय' म्हणना नाय, म्हणजे आज पयल्यांदा सगळे आयकतत रे म्हाराजा!" कुणीतरी खुसखुसलं. "तर मगे नीट सांगतंय. कंदीलवाल्यांच्या कंदिलाची काच काळी झाली आसा, ती पुसूची तेंका बुद्धी दी रे म्हाराजा! शिडीवाल्यांच्या शिडयेची पायरी मोडलेली आसा, ते पडूच्या आधी ती तेंका दिसांदे रे म्हाराजा! आणि ह्या दाजी परबाचा काय चुकला माकला, तर तेका तोंडार सांगणारो एक तरी माणूस तेच्या खळ्यात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तो आवाज माझा होता. कसा निघाला ते मला आजही सांगता येणार नाही. सगळं देऊळ वळून माझ्याकडे बघू लागलं. गळ्यात क्रूस, पायात वहाणा आणि तोंडात 'व्हय म्हाराजा'. पारूबाय फस्सकन हसली आणि हसता हसताच ओरडली, "व्हय म्हाराजा!" मग खालची वाडी, मग देऊळवाडी, मग सगळा गाव. आप्पांचं तोंड तर आयुष्यभराच्या सवयीने आपोआप उघडलं, 'व्हय' बाहेर पडलं आणि 'म्हाराजा'वर त्यांना खोकला आला. दाजीच्या मिशा ओल्या झाल्या होत्या. पुढच्या रविवारी आमच्या पाद्र्याने मला बोलावून विचारलं की देवळात काय प्रकार झाला. मी सांगितला. तो गोव्याचा, गोष्टीवेल्हाळ माणूस, त्याने ती गोष्ट मला दोनदा सांगायला लावली.

त्या दुपारी दाजी घरी आला आणि वयनीला म्हणाला, "गाव म्हणालो. तू म्हटलंस काय?" वयनी बायकांत उभी होती, पण तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. दाजीची जुनी तक्रारच होती की गाव मला 'व्हय' म्हणतो, बायल म्हणत नाही. वयनी म्हणाली, "नाय म्हटलंय. माका पटूक नाय." "काय पटूक नाय?" "चुकला तर सांगणारो खळ्यात ठेव म्हणान मागलास. सांगणारी घरात आसा, ती इतकी वर्सां दिसूक नाय तुमका?" दाजी जेवता जेवता थांबला आणि मोठ्याने हसत सुटला. त्यानंतर पुष्कळ दिवस तो लोकांना सांगत फिरला, "माझ्या घरात विरोधी पक्ष आसा, आणि तो निवडणुकेक उभो रवना नाय, म्हणान पडना पण नाय!"

पूल झाला. पक्का, चिरेबंदी. नाव कुणाचंच नाही, नुसता 'पूल'. आप्पा त्यावरून पहिल्यांदा पलीकडे गेले ते पारूबायकडून सुरमई आणायला. पुढच्या निवडणुकीत दाजी एकटाच उभा राहिला, ना कंदील ना शिडी. सपाटून पडला. निकाल ऐकून घरी आला, पाय धुतले आणि आत ओरडून विचारलं, "गो, तू तरी मत घातलंस मा माका?" आतून उत्तर आलं, "मतदान गुप्त आसा." ह्या गोष्टीवर तो मरेपर्यंत हसला. कंदीलवाल्यांनी पुढे त्याला परत यायला सुचवलं, तेव्हा म्हणाला, "मी गेलंयच खंय?" शिडीवाल्यांनाही तेच. दोन्हीकडच्या लग्नांत तो जेवायचा, आणि ग्रामसभेत हात आपल्या मनाने वर-खाली करायचा. मला वाटतं, आमच्या गावात जेवढं खळखळून हसणं त्याच्या खळ्यात झालं तेवढं दोन्ही पक्षांच्या विजयी मिरवणुका मिळून झालं नसेल.

आता त्या अर्धवट भांडणाबद्दल. हल्ली पंचायत शिडीवाल्यांकडे आहे, म्हणजे माझ्या माणसांकडे. देऊळवाडीला उन्हाळ्यात पाणी आटतं, म्हणून त्यांनी पाण्याची टाकी मागितली. आमच्यांचं म्हणणं, देऊळवाडीची मतं कंदिलाची, त्यांना टाकी कशाला? आणि मी आता निवृत्त, वयाने मोठा, तेव्हा ग्रामसभेत हे जरा सभ्य भाषेत मीच मांडावं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी हो म्हणून बसलो होतो. हे दाजीला सांगायला गेलो, तीच ती सकाळ. मी आमच्यांची बाजू तावातावाने मांडली, तो रागावला नाही. नुसतं म्हणाला, "शिडयेक काय वाटता ता समाजला. तुका काय वाटता?... आता नको सांगू. सांजचो ये आणि सांग."

बारावा झाल्यावर काही दिवस मी तिकडे फिरकलोच नाही. मग ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी पाय आपोआप वळले. खळं नुकतंच सारवलेलं. बाकड्यावर दोन पेपर, कंदिलाचा आणि शिडीचा. मी विचारलं, "वयनीनू, पेपर बंद करूक नाय?" ती उंबऱ्यावर नेहमीच्या जागी सूप घेऊन बसली. "कित्याक बंद करू? माका आयकूची सवय झाली आसा. वाचा." मी हात घातला तो सवयीने शिडीच्या पेपराला, कारण दाजी नसताना तो वाचणार कोण? "तो न्हय," वयनी म्हणाली. "तुमी कंदिलाचो वाचा. नियम नियम आसा." मी वाचला. मग तिने सूप खाली ठेवलं, शिडीचा पेपर घेतला आणि एकेका अक्षराखाली बोट धरून, अडखळत, पण तोंड वाकडं न करता वाचू लागली. मला ठाऊकच नव्हतं की तिला वाचता येतं. त्यात कुठेसं आमच्या तालुक्यातल्या पाण्याच्या टाक्यांचं आलं. तिने पेपराची घडी केली आणि मांडीखाली सारली. "पेपराक काय वाटता ता समाजला, मास्तरानू," ती म्हणाली. "तुमका काय वाटता?"

मी बाकड्याच्या रिकाम्या अर्ध्याकडे बघितलं. "माका वाटता," मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला 'म्हणजे... तसं बघायला गेलं तर...' करावं लागलं नाही, "देऊळवाडयेक टाकी जावक व्हयी. आणि मी उद्या सभेत आमच्याच माणसांसमोर तसा सांगतलंय."

वयनीने परत सूप घेतलं. तांदूळ पाखडले, खडा वेचून बाजूला टाकला, आणखी एक वेचला. तिला घाई नव्हती. मी वाट बघत बसलो. मग सुपातून मान वर न करता ती हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."